एकीकरण हा शब्द दोघांचाही : दोन्ही विधिमंडळांस बेळगावहून खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्र आणि कर्नाटक विधिमंडळांचे सर्व सन्माननीय सदस्य,
मुक्काम नागपूर आणि बेळगाव

स. न. वि. वि.

डिसेंबर आला की आपण दोघेही राजधानी सोडून हिवाळी अधिवेशनाला निघता. एक सभागृह नागपूरला भरतं, दुसरं आमच्या बेळगावात, सुवर्ण विधानसौधात. नागपूरचं अधिवेशन १९५३ च्या नागपूर करारातून आलं. तुम्ही आमच्यात या, वर्षातून एकदा सरकार तुमच्या दारी येईल, असं ते विदर्भाला दिलेलं वचन होतं. बेळगावचं अधिवेशन २००६ पासूनचं. त्यात वचनापेक्षा मालकी सांगण्याचा भाग मोठा.

अधिवेशनाचा पहिला दिवस आम्हाला आता पाठ आहे. महाराष्ट्र एकीकरण समितीचा महामेळावा ठरतो आणि पोलिस परवानगी नाकारतात. कोल्हापूरकडून येणाऱ्या पुढाऱ्यांच्या गाड्या सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर थांबतात, कॅमेऱ्यांपुढे भाषण करून वळतात. तापलं तर एसटीच्या काचेवर काळं फासलं जातं आणि दोन दिवस बस बंद. मग आपण सगळे घरी जाता. आम्ही इथेच असतो.

मी बेळगाव तालुक्यातला. वय पन्नाशी ओलांडलेलं. आजोबा सीमालढ्यात हिंडलग्याच्या तुरुंगात जाऊन आले. वडील दर १ नोव्हेंबरला काळी फीत लावून सायकल फेरीत जायचे. गुडघे गेल्यावर स्कूटरवरून गेले. म्हणजे तुमच्यापैकी काहींच्या भाषेत मी तिसऱ्या पिढीचा फुटीर आणि काहींच्या भाषेत तिसऱ्या पिढीचा लढवय्या. माझं स्वतःबद्दलचं मत इतकं ठाशीव नाही. म्हणून हे पत्र.

वडील गेल्यावर तीस गुंठ्यांच्या उताऱ्यावर आईचं नाव लावायचं होतं. अर्ज कन्नडात, जबाब कन्नडात, नोटीस कन्नडात. मला कन्नड येतं. बाजारात, बसमध्ये, कामावर रोज बोलतो. पण सरकारी कन्नड वाचताना अडतो, जसा कोल्हापूरचा माणूस सरकारी मराठी वाचताना अडतो, त्याहून थोडा जास्त. खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, "कन्नड बरतदेन्री?" म्हणजे कन्नड येतं का. दहाच मिनिटांपूर्वी आम्ही दोघं बाहेरच्या टपरीवर चहा पीत मराठीत पावसाबद्दल बोललो होतो. खिडकीच्या आत बसल्यावर त्याचं मराठी संपलं होतं. त्याच्यावर राग नाही, त्याला वरून तसंच सांगितलेलं असणार.

आई सातवी शिकलेली. मराठीत ठसठशीत सही करते. सहीआधी तिने कागद माझ्यापुढे धरला. "ह्यात काय लिव्हलंय ते वाच की." मी निम्मं वाचून, निम्मं अंदाजाने सांगितलं. आठ महिन्यांनी कळलं की उताऱ्यावर तिच्याऐवजी चुलतीचं नाव चढलंय. घरी पत्र्याच्या ट्रंकेत त्याच जमिनीचा १९५४ सालचा उतारा आहे, मुंबई राज्याचा, मराठीत. बांध तेच आहेत. आईला ट्रंकेतला कागद वाचता येतो आणि हातातला येत नाही.

सभागृहात बसून प्रश्न पडतो की ही माणसं सत्तर वर्षं झाली तरी महाराष्ट्र-महाराष्ट्र का करतात. त्यातलं बरंचसं त्या खिडकीपाशी कळलं असतं.

पहिल्यांदा कर्नाटकच्या सदस्यांशी बोलतो, कारण कागद त्यांच्या हातात आहेत.

आमच्या समितीच्या नावात जो एकीकरण हा शब्द आहे, तो तुमच्याच इतिहासातला आहे. एकोणिसाव्या शतकात धारवाड-बेळगाव भागातली कन्नड मुलं मराठी शाळांत जात होती, कारण मुंबई इलाख्याच्या कारभारात मराठीचा वरचष्मा होता. डेप्युटी चन्नबसप्पांनी कन्नड शाळांसाठी जिवाचं रान केलं ते याच कारणाने. १८९० साली धारवाडला कर्नाटक विद्यावर्धक संघ उभा राहिला तोही याच कारणाने. कन्नड मुलूख तेव्हा मुंबई, मद्रास, हैदराबाद, म्हैसूर, कुर्ग असा चिंधड्या होऊन पडला होता, आणि प्रत्येक तुकड्यात कन्नड माणूस दुसऱ्या कुणाच्या तरी कचेरीत उभा होता. १९२४ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तेव्हाच, याच गावात कर्नाटक एकीकरण परिषद भरली. आलूर वेंकटराव यांना तुम्ही कर्नाटकाचे कुलपुरोहित म्हणता. ते काय मागत होते? आपल्या माणसांबरोबर एका छताखाली राहायचंय, एवढंच. १ नोव्हेंबर १९५६ ला ते मिळालं. मिळताना आमचं छत गेलं. त्याच तारखेला तुमचा राज्योत्सव आणि आमचा काळा दिन.

कासरगोडच्या कन्नड लोकांचं दुःख तुम्हाला कळतं. ते केरळात गेले आणि मल्याळम सक्तीविरुद्ध आजही कुरकुरतात, तेव्हा तुमच्या सभागृहात त्यांना कुणी फुटीर म्हणत नाही. सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ साली चंद्रगिरी नदीच्या उत्तरेचा कासरगोडचा भाग तुम्हाला द्यायला सांगितला होता. त्याच अहवालात निपाणी, खानापूर महाराष्ट्राला द्यायला आणि बेळगाव शहर तुमच्याकडे ठेवायला सांगितलं होतं. महाराष्ट्राने तो अहवाल फेटाळला. खेडं हा घटक, सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा हे पाटसकर सूत्र आंध्र-मद्रासच्या सीमेला लावलं, मग आम्हाला का नाही, हा महाराष्ट्राचा सवाल होता आणि अजून आहे. माझ्यापुरतं सांगायचं तर मला त्या अहवालातल्या गावांच्या याद्यांपेक्षा एक गोष्ट जास्त खटकते. यादी कशीही केली असती तरी कुणीतरी चुकीच्या बाजूला राहणारच होतं, आणि त्या राहिलेल्यांचं काय करायचं हे कुणालाच महत्त्वाचं वाटलं नाही.

तसं पाहिलं तर १९५६ सालीच त्याची सोय केली होती. राज्य पुनर्रचनेबरोबर घटनेत कलम ३५०अ आणि ३५०ब आले. प्राथमिक शिक्षण मातृभाषेत, आणि भाषिक अल्पसंख्याकांसाठी एक स्वतंत्र अधिकारी. ज्या तालुक्यात किंवा गावात अल्पसंख्य भाषकांचं प्रमाण १५ टक्क्यांच्या पुढे आहे, तिथे सूचना आणि नियम त्यांच्या भाषेतही द्यावेत, असंही ठरलं. ही मराठी लोकांवर केलेली मेहरबानी नव्हती. राज्यं भाषेवर पाडली की प्रत्येक राज्यात दुसऱ्या भाषेचे लोक उरणार, हे तेव्हाच्या लोकांना दिसत होतं. आम्ही दरवर्षी निवेदनात हे १५ टक्के लिहितो. उत्तर म्हणून दुकानांच्या पाट्यांवर ६० टक्के कन्नडाचा कायदा येतो.

माणसं सीमा ओलांडायला का बघतात, याची उदाहरणं जगात पुष्कळ आहेत. एक आपल्या शेजारचं घेतो, कारण सालही आपलंच आहे. १९५६ च्या जूनमध्ये श्रीलंकेने, तेव्हाच्या सिलोनने, केवळ सिंहली हीच राजभाषा असा कायदा केला. तमिळांचे नेते चेल्वनायकम तेव्हा वेगळा देश मागत नव्हते, संघराज्य मागत होते. १९५७ मध्ये पंतप्रधान बंडारनायके यांनी त्यांच्याशी प्रादेशिक परिषदांचा करार केला आणि १९५८ मध्ये भिक्खूंच्या दबावाखाली मोडला. १९६५ मध्ये दुसऱ्या पंतप्रधानांनी दुसरा करार केला, तोही कागदावर राहिला. मग विद्यापीठ प्रवेशात तमिळ मुलांना जास्त गुणांची अट आली. स्वतंत्र तमिळ ईलमचा ठराव वड्डुकोड्डईला १९७६ साली झाला, म्हणजे भाषेच्या कायद्यानंतर वीस वर्षांनी. वीस वर्षं ती माणसं कचेरीतला कागद आणि कॉलेजातली जागा मागत होती. तमिळला राजभाषेचा दर्जा १९८७ साली मिळाला. तोवर जाफनाचं ग्रंथालय जळून सहा वर्षं झाली होती आणि कागद वाचायला कुणाला वेळ नव्हता.

आमची तुलना त्यांच्याशी होत नाही, हे मलाही माहीत आहे. सीमाभागात कुणी बंदूक उचलली नाही. मेले ते आमचेच, १९५६ च्या जानेवारीत आणि नंतर १ जून १९८६ ला, कन्नड सक्तीविरुद्धच्या आंदोलनात. आमच्या बाजूनेही लाज वाटावी असं घडलेलं आहे. भाषेवरून बस कंडक्टरला मारहाण होते तेव्हा आईच्या उताऱ्याचा प्रश्न दहा वर्षं मागे जातो. पण मागणी चिघळते कशी, हे श्रीलंकेइतकं टप्प्याटप्प्याने कुठे दिसत नाही.

आणि निवळते कशी, ते बघायला युरोपात जावं लागतं. इटलीच्या उत्तर टोकाला दक्षिण टिरोल नावाचा डोंगराळ मुलूख आहे. पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियाकडून तो इटलीला मिळाला. लोक जर्मन बोलणारे. मुसोलिनीच्या राज्यात जर्मन शाळा बंद झाल्या, गावांची नावं इटालियन केली गेली, नव्या थडग्यांवर जर्मन लिहायलासुद्धा मनाई झाली. मुलांना घरांच्या तळघरात चोरून जर्मन शिकवायचे. त्या शाळांना ते भुयारी शाळा म्हणत. दुसरं महायुद्ध संपल्यावर लोकांनी ऑस्ट्रियात परत जायची मागणी केली. दोस्त राष्ट्रांनी सीमा हलवली नाही. पण ५ सप्टेंबर १९४६ ला पॅरिसमध्ये इटलीचे पंतप्रधान दे गास्पेरी आणि ऑस्ट्रियाचे परराष्ट्रमंत्री ग्रुबर यांनी करार केला की तिथल्या जर्मन भाषकांना शाळा, कचेऱ्या आणि नोकऱ्यांत समान हक्क आणि स्वायत्तता मिळेल.

गोष्ट इथे संपली असती तर छान झालं असतं. पण इटलीने खास सरकारी हुशारी केली. दक्षिण टिरोलला शेजारच्या इटालियन भाषक त्रेंतोबरोबर एकाच प्रांतात घातलं, म्हणजे स्वायत्तताही मिळाली आणि बहुमतही आपलंच राहिलं. (ही युक्ती आपल्याकडे कुणाला सुचणार नाही असं समजू नका. महापालिकेचे वॉर्ड पाडताना काय चालतं ते आम्ही पाहिलंय.) १९५७ मध्ये सिगमुंड्सक्रोनच्या किल्ल्यावर ३५ हजार लोक जमले आणि त्रेंतोपासून सोडवा म्हणाले. १९६० मध्ये ऑस्ट्रियाने प्रश्न संयुक्त राष्ट्रांत नेला. १९६१ च्या जूनमध्ये एका रात्रीत विजेचे डझनावारी मनोरे स्फोटाने पाडले गेले. तेव्हा कुठे इटली खरंच बोलायला बसली. १९७२ मध्ये स्वायत्ततेचा दुसरा कायदा आला. आज तिथे प्रत्येक गावाला दोन नावं आहेत. मुलं आपल्या भाषेत शिकतात आणि दुसरी भाषा सक्तीने शिकतात. सरकारी नोकरीत बसायचं तर दोन्ही भाषांची परीक्षा द्यावी लागते, मग तुमचं घर कुठल्याही भाषेचं असो. त्या परीक्षेबद्दल मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आमचा कारकूनच आठवला. त्याला तर परीक्षेची गरजही नव्हती, त्याला दोन्ही येत होतं. फक्त खिडकीच्या आतून मराठी बोलायची मोकळीक हवी होती.

ऑस्ट्रियाने १९९२ साली संयुक्त राष्ट्रांना कळवलं की वाद मिटला. ही तारीख महाराष्ट्राच्या सदस्यांनी लक्षात घ्यावी. वीस वर्षं ऑस्ट्रिया एकेक कलम तपासत बसला होता.

ऑलंडचं थोडक्यात. फिनलंड आणि स्वीडनमधली ही स्वीडिश बोलणारी बेटं. १९१७ मध्ये फिनलंड स्वतंत्र झाला आणि बेटांनी स्वीडनमध्ये जायचं म्हणून सह्या गोळा केल्या. त्यांचे दोन नेते, सुंडब्लोम आणि ब्यर्कमन, यांना फिनलंडने देशद्रोहाखाली तुरुंगात टाकलं. १९२१ मध्ये राष्ट्रसंघाने निकाल दिला की बेटं फिनलंडकडेच राहतील, पण शाळेची भाषा स्वीडिश आणि जमिनीवर हक्क स्थानिकांचा. १९२२ मध्ये बेटांची विधानसभा भरली. तिचे पहिले सभापती सुंडब्लोम आणि सरकारचे पहिले प्रमुख ब्यर्कमन. देशद्रोही म्हणून आत गेलेली तीच माणसं. बेळगावच्या महापालिकेने २००५ मध्ये महाराष्ट्रात जायचा ठराव केला, तेव्हा आमच्या महापौरांच्या तोंडाला बंगळुरात काळं फासलं गेलं आणि महापालिकाच बरखास्त झाली.

आता महाराष्ट्राचे सदस्य. तुम्ही आतापर्यंत मान डोलावत वाचत असाल.

८६५ गावांवर तुमचा दावा आहे. २००४ साली तुम्ही सर्वोच्च न्यायालयात गेलात, त्याला वीस वर्षं उलटली. या काळात किती मुख्यमंत्री झाले ते मोजून बघा, आणि त्यातल्या किती जणांनी हिवाळी अधिवेशनाखेरीज आमचं नाव घेतलं तेही. सीमाप्रश्नाच्या समन्वयासाठी नेमलेले दोन मंत्री डिसेंबर २०२२ मध्ये येणार होते. दौरा रद्द झाला. त्याच महिन्याच्या २७ तारखेला विधिमंडळाने एकमताने ठराव केला. असे ठराव आमच्या घरात वडिलांनी कात्रणं करून ठेवलेत, एक वही भरेल इतके. आरोग्य योजना आमच्या गावांना लागू केलीत, त्याबद्दल मनापासून आभार. ते एक काम असं होतं की ज्याने कुणाच्या तरी घरात काही बदललं.

पण त्याच डिसेंबरात एक गोष्ट घडली, ती तुम्ही पटकन विसरलात. सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यातल्या गावांनी म्हटलं, आम्हाला कर्नाटकात जाऊ द्या. ती मागणी नवी नव्हती, २०१२ मध्येही पाण्यावाचून त्यांनी तसे ठराव केले होते. जतच्या पूर्व भागात कन्नड घरोघरी आहे, पण आमची मावशी तिथे दिलेली आहे आणि ती मराठी आहे. तिचा नवरा फोनवर म्हणाला, पाणी द्या, नाहीतर सोडा. कन्नड-मराठी त्याच्या तोंडात आलंच नाही. त्याच सुमारास नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाण्याची गावं गुजरातेत जायचं म्हणू लागली, कारण सीमेपलीकडे रस्ता बरा आहे. नांदेड जिल्ह्यातल्या धर्माबादच्या गावांनी त्याआधी तेलंगणाचं नाव घेतलं होतं. नागपुरात तर तुम्ही बसलाच आहात. स्वतंत्र विदर्भ मागणारा माणूस तुमच्याच भाषेत ते मागतो आणि राज्य पुनर्रचनेच्या फजल अली आयोगाने त्याची शिफारस केली होती, हेही सांगतो.

म्हणजे एक भाषा एक राज्य एवढ्यावर हे मिटत नाही. भाषा माणसाला हाक मारायला लावते. पण कुणाला हाक मारायची, हे तो कुठे पाणी आहे, कुठे नोकरी आहे, कुठे आपला कागद वाचला जातो, ते बघून ठरवतो. आमच्या भागातले निकाल तुम्ही पाहिलेत. २०१३ मध्ये समितीचे दोन आमदार होते, २०१८ मध्ये एकही नाही, २०२३ मध्ये एकही नाही. महापालिकाही गेली. कर्नाटकचे सदस्य म्हणतात, बघा, प्रश्न संपला. मग २०२१ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत समितीच्या एका तरुण उमेदवाराला लाखावर मतं का पडली? लोक पुढाऱ्यांना कंटाळलेत. कागदाच्या खिडकीला कंटाळलेले तर आधीपासून आहेत.

मला तुमच्याकडून सीमा हलवण्याचं आश्वासन नको. ते न्यायालयात आहे, तिथे राहू द्या, आणि संसदेला कलम ३ खाली जे करता येतं ते तिने करायचं तर करावं. मी खटला सोडा असंही म्हणत नाही. वडिलांना मी वचन दिलंय, काळी फीत मी लावणारच. पण मधल्या काळात दोन्ही सभागृहांनी एक करार करावा, पॅरिसच्या करारासारखा, एकमेकांच्या माणसांबद्दल. कर्नाटकाने बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवारच्या मराठी लोकांना उतारा, नोटीस आणि जबाब मराठीत द्यावा, मराठी शाळांत मराठीचे शिक्षक नेमावेत. महाराष्ट्राने जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापुरात कन्नड लोकांना अगदी तेच द्यावं, आधी द्यावं, न मागता. आणि एक अधिकारी इकडचा, एक तिकडचा, दोघांनी वर्षातून एकदा दोन्ही बाजूंच्या शाळा आणि कचेऱ्या फिरून काय मिळालं, काय नाही ते दोन्ही सभागृहांपुढे मांडावं. ऑस्ट्रियाने वीस वर्षं तेच केलं.

तुमच्यापैकी कुणी तरी म्हणेल की असं केलं तर त्यांचा दावा मान्य केल्यासारखं होतं. दोन्हीकडून हेच म्हटलं जाईल, अगदी याच शब्दांत, एकदा कन्नडात आणि एकदा मराठीत. तेव्हा एवढं बघा की दे गास्पेरींनी सही केली म्हणून दक्षिण टिरोल इटलीच्या हातून गेलेला नाही, आणि ग्रुबर यांनी सही केली म्हणून तिथल्या लोकांचं जर्मन संपलेलं नाही.

उताऱ्यावरचं नाव दुरुस्त करायला आम्ही पुन्हा अर्ज केला आहे. पावती कन्नडात आहे. आईने ती ट्रंकेत ठेवली, जुन्या उताऱ्यावर. पुढची तारीख अधिवेशनाच्या दुसऱ्या आठवड्यातली दिली आहे, सकाळी साडेदहाची. बेळगावला बसलेल्या सदस्यांपैकी कुणाला वेळ असेल तर सौधापासून कचेरी फार लांब नाही. आम्ही दोघं रांगेत असू. आई लुगड्यात असते आणि तिच्या हातात चष्म्याचं घर असतं, ओळखायला सोपं जाईल.

आपला,
बेळगाव तालुक्यातला एक सीमावासी